दोना मारिनाल्वाचा मोकळा भात

आमच्या कारखान्यावर दोना मारिनाल्वाबद्दल दोन मतं होती. पहिलं, ही बाई फार कमी बोलते. दुसरं, जे कमी बोलते तेही कशाला बोलते. दुसरं मत बहुतेक माझंच असावं. मी तेव्हा फवारणीचा मुकादम होतो. हाताखाली दोन ट्रॅक्टर, नऊ माणसं, आणि पेर्नांबुको प्रांताच्या दक्षिणेकडच्या सगळ्या उसात आपल्याइतकं कळणारा दुसरा कोणी नाही असा पक्का समज. आता सत्तरी ओलांडली, तेव्हा कबूल करायला हरकत नाही. तो समज तिने एका दुपारीत उतरवला.

आमच्याकडे मान द्यायला बाईला दोना म्हणतात आणि पुरुषाला सेऊ. मारिनाल्वा मूळची खानावळीतली. कारखान्याच्या खानावळीत रोज तीनशे माणसांचा भात तिच्या हातचा. ताटात पडला की दाणा दाण्याला ओळख दाखवत नसे, इतका मोकळा. आमच्याकडे बाईची पारख भातावरून होते. चिकट भात करणाऱ्या सुनेची सासू गावभर फिरून रडगाणं गाते. मारिनाल्वाला सासू नव्हती. नवराही नसल्यातच जमा. दक्षिणेला कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. एक मुलगी होती, ती शिकून शाळेत शिक्षिका झाली. मारिनाल्वा स्वतः चौथीपर्यंत शिकलेली, पण अक्षर असं की हिशेबनीस तिच्याकडून पाट्या लिहून घ्यायचे.

त्याच सुमारास डॉक्टर हेलवेसिओ आले. शेतीचे डॉक्टर, राजधानीहून आलेले, उंच आणि कायम घाईत. आमच्या उसाला तुडतुड्याने हैराण केलं होतं. त्याची पिल्लं पानाच्या बेचक्यात फेस काढून आत बसतात. लांबून वाटतं, कोणीतरी थुंकत थुंकत गेलंय. मोठे झाले की पानं शोषून करपवतात आणि उसातली साखर उतरते. डॉक्टरांकडे त्यावर एक उपाय होता. मातीतली एक बुरशी. तिचा बीजाणू, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं तिचं बी, किड्याच्या अंगावर पडलं की त्याला कोंब फुटतो. कोंब किड्याचं कातडं भेदून आत शिरतो आणि आतून त्याला संपवतो. मग मेलेल्या किड्यावर हिरवी पूड धरते. ती पूड म्हणजे नवं बी, पुढच्या किड्यांसाठी. ही बुरशी भातावर वाढवायची, असं डॉक्टरांनी ठरवलं. फक्त डॉक्टरांना भात येत नव्हता.

एका दुपारी ते प्लास्टिकची पिशवी घेऊन खानावळीत शिरले. मी समोरच जेवत होतो.

"दोना मारिनाल्वा, हे बघा. बाहेरून हिरवं होतं, आत सगळं कोरं राहतं. चार महिने झाले डोकं फोडतोय."

तिने पिशवी दाबून पाहिली. चेहऱ्यावरची रेघ न हलवता म्हणाली, "डॉक्टर, हा भात आहे की पुट्टी?"

"प्रमाण अगदी मोजून घेतलंय हो!"

"मोजलंत, पण शिजवलंत जास्त. दाण्याला दाणा चिकटला. आता तुमच्या बुरशीने श्वास कुठे घ्यायचा?"

सगळी खानावळ हसली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तिथल्या तिथे विचारलं, "माझ्याकडे कामाला येता का?" पुढच्या सोमवारपासून आम्हाला चिकट भात मिळायला लागला, आणि त्याबद्दल मी बुरशीला बरेच दिवस शिव्या दिल्या.

जुन्या तबेल्यामागच्या दोन खोल्यांत त्यांची प्रयोगशाळा होती. मारिनाल्वा तांदूळ अर्धाकच्चा काढायची, पिशव्यांत भरायची, मोठ्या वाफेच्या टाकीत निर्जंतुक करायची आणि गार झाल्यावर आत बी सोडायची. मग पिशव्या फळीवर रांगेने. आधी पांढरा कापूस धरायचा, आठवड्याभरात त्यावर हिरवं चढायचं. रोज प्रत्येक पिशवी हलक्या हाताने मोकळी करायची, म्हणजे हवा खेळते. डॉक्टरांनी तिला सूक्ष्मदर्शकही शिकवला. प्रत्येक खेपेतलं थोडं बी बशीत पेरायचं आणि दुसऱ्या दिवशी शंभर दाणे मोजायचे, किती जणांना कोंब फुटला. ती त्याला कोंब म्हणत नसे. "आज मंडळी उठली का?" असं विचारायची. शंभरातले नव्वदच्या वर उठले तरच पिशव्या शेतावर. कमी उठले तर सगळी खेप चुलीत, मग कोणी कितीही ओरडो. मी ओरडणाऱ्यांत पहिला.

"पंच्याऐंशी उठले ना? पंधरा झोपले तर काय बिघडलं?" मी एकदा म्हणालो.

"तुझ्या नऊ माणसांतले दोन झोपले तर चालतं का तुला?"

"नाही."

"मग ट्रॅक्टर रिकामा ने."

सहा वर्षांनी डॉक्टर राजधानीला शिकवायला गेले. जाताना ते मॅनेजरला म्हणाले की नवा डॉक्टर शोधू नका, ही आहे ना. तेव्हापासून प्रयोगशाळा तिची. हाताखाली चार बाया, चौघीही ऊसतोडीतून आलेल्या. तिथे सावली होती, बसायला स्टूल होतं आणि पाठ मोडत नव्हती. त्या चौघींनी त्या दोन खोल्यांसाठी जीव टाकला असता.

मग ते ओलं वर्ष आलं. पाऊस लांबला आणि फेस असा माजला की उसात शिरलं की विजार भिजायची. त्याच वेळी एका औषध कंपनीचा माणूस कारखान्यावर घिरट्या घालायला लागला. चकचकीत बूट आणि सतत हसणं. मॅनेजर सेऊ ओतासिलिओंना त्याने कीटकनाशकाचे कॅन दिले आणि मला एक टोपी. वर म्हणाला, "मुकादम, बुरशी आणि आमचं औषध एकाच टाकीत घाला. एकाच फेरीत दोन्ही कामं. किडा एकाने मेला नाही तर दुसऱ्याने मरेलच."

मला पटलं. का नाही पटणार? एक फेरी वाचते, डिझेल वाचतं, दुपारी फणसाखाली झोळी बांधून पडायला तासभर जास्त मिळतो. मी कोणाला विचारलं नाही. उसातलं सगळं मला कळतं म्हटल्यावर विचारायचं कोणाला? सकाळी सातला टाकी भरायची, औषध ओतायचं, बुरशीचा भात धुऊन त्यात गाळायचा, हलवायचं. दहापर्यंत फवारायचं. उरलेली टाकी तशीच उभी ठेवून कॉफी, मग जेवण, मग झोळी, आणि ऊन कललं की परत फवारणी. बुरशीला कडक ऊन सोसत नाही, एवढं मी पाळत होतो, आणि त्याचा मला अभिमानही होता.

तीन आठवड्यांनी मोजणी झाली. औषधाने थोडे दिवस किडे पडले, मग फेस दुपटीने आला. मेलेल्या किड्यांवर हिरवी पूड कुठेच नाही. सेऊ ओतासिलिओंनी सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि मारिनाल्वाकडे बोट केलं.

"तुमची बुरशी मेलीये, दोना. तांदूळ फुकट, वाफ फुकट. जूनमधल्या साओ जुआओच्या सणानंतरच्या गुरुवारी बैठक आहे. तोवर कारण दाखवा, नाहीतर खोल्यांना कुलूप लावतो आणि तुम्हा पाचही जणींना तोडीवर पाठवतो."

ती तेव्हा बावन्न वर्षांची होती. गुडघे गेलेले. चौघींतली एक रडायला लागली. मी टोपी सारखी करत म्हणालो, "भात बिघडला असेल." हे वाक्य मी म्हणालो, अंगणात, सगळ्यांसमोर. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

तिने वाद घातला नाही. फळीवरच्या सगळ्या पिशव्या एकेक करून तपासल्या. चौऱ्याण्णव, पंच्याण्णव, त्र्याण्णव. मंडळी उठत होती. म्हणजे खोलीतून निघेपर्यंत बुरशी ठणठणीत आणि उसात पोचेपर्यंत मेलेली. मग तिने असं काही केलं की जे करायचं मला या जन्मी सुचलं नसतं. सण झाल्यावरच्या मंगळवारी सकाळी ती डोक्याला फडकं बांधून माझ्या ट्रॅक्टरपाशी येऊन उभी राहिली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात धुतलेल्या बाटल्यांची टोपली.

"आज पिशवीबरोबर मी पण येणार."

"दोना, तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. तू ट्रॅक्टर चालव."

टाकीपाशी मी नेहमीप्रमाणे कॅन उचलला आणि ओतायला लागलो. तिने नुसतं पाहिलं.

"हे काय?"

"औषध. दोन्हीचा मिळून दणका. कंपनीवाल्याने सांगितलंय, बुरशीला काही होत नाही."

मला वाटलं आता खेकसेल. खेकसली नाही. एक बादली मागितली, त्यात नुसतं पाणी घेतलं, त्याच पिशवीतला मूठभर भात धुऊन टाकला आणि बादली टाकीला खेटून ठेवली, त्याच उन्हात. मग मी टाकीत भात गाळल्यावर तिथलं पाणी एका बाटलीत घेतलं आणि वर वेळ लिहिली.

"वाईट होतंय असं वाटत असेल तर थांबवा ना मला," मी वैतागून म्हणालो.

"मला वाटून काय उपयोग? पाहिलं पाहिजे. तू रोज करतोस तसंच कर. कॉफी घे, जेव, झोप. काही बदलू नकोस."

आयुष्यात इतकं अवघड झोपलो नाही. उसळ-भात, सुकं मांस, वर भुरभुरलेलं कसाव्याचं भाजकं पीठ, म्हणजे फारिन्या, सगळं मी ताटात नुसतं इकडून तिकडे करत होतो, कारण समोर बांधावर ती बाई टाकीकडे तोंड करून बसलेली. कॉफीनंतर एक बाटली, जेवणानंतर एक, बादलीतूनही एकेक. बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून ती परत चालत गेली, मी सोडतो म्हटलं तरी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला, "ये, बघ." मी पहिल्यांदाच त्या खोलीत चप्पल काढून शिरलो. तिने बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

"ही बादलीतली. जेवणानंतरची. सांग काय दिसतं."

लांबट दाणे दिसले, आणि जवळपास प्रत्येकातून एक बारीक दोरा निघालेला. मोड आलेल्या मटकीसारखे.

"उठलेत," मी म्हणालो.

"नव्वद उठलेत. म्हणजे पाणी बरोबर, ऊन बरोबर, भात बरोबर." शेवटचा शब्द तिने जरा सावकाश उच्चारला. मग दुसरी बशी. "ही तुझ्या टाकीतली, औषध घातल्या घातल्या घेतलेली. एकोणऐंशी. ही कॉफीनंतरची. एक्केचाळीस. आणि ही जेवणानंतरची."

मी डोळा लावला. दाणे होते, पण दोरे नव्हते. काही फुगून तसेच थांबलेले. काहींचा कोंब जेमतेम बाहेर येऊन खुंटलेला. तिने मोठं भिंग फिरवलं, तेव्हा एकेका दाण्याचं आतलं दिसलं. भिंत शाबूत, पण आतला ऐवज भिंतीपासून सुटून कोपऱ्यात गोळा झालेला.

"ही भिंत किड्याचं कातडं फोडण्याइतकी चिवट असते," ती म्हणाली. "पण भिंतीच्या आत एक पातळ पडदा असतो. औषध त्या पडद्याला लागलं की आतलं धरून ठेवता येत नाही. थोडा वेळ असेल तर सावरतात. तू त्यांना सात तास त्यात बुडवून झोपलास."

"किती उठले?"

"तीन."

मी खाली बसलो. घर कारखान्याचं, मुकादमकी कारखान्याची, आणि चुकीला पहिल्यापासून शेवटपर्यंत माझाच हात लागलेला. मी हळूच म्हणालो, "दोना, बैठकीत माझं नाव घेणार?"

"मी बुरशीचं सांगणार. माणसांचं ज्याचं त्याने सांगावं."

बस्स, एवढंच. बुधवारची सगळी दुपार माझ्या हातात होती. मॅनेजरच्या दारावरून मी चार वेळा गेलो आणि चारही वेळा पुढे निघून गेलो.

गुरुवारी तिने टेबलावर बशा मांडल्या, आकडे वाचले, सूक्ष्मदर्शक मॅनेजरपुढे सरकवला. आवाज एकदाही चढवला नाही. खानावळीत ताटं वाढायची, त्याच चालीने एकेक बशी पुढे करत गेली. सेऊ ओतासिलिओंनी डोळा लावला, काढला, पुन्हा लावला. मग खणातून एक बशी काढली.

"पण कंपनीच्या माणसाने ही दिलीये. औषधात वाढवलेली बुरशी. चांगली वाढलीये की! हे कसं?"

बशीत खरंच दाट पांढरी बुरशी होती. माझ्या मनाने उडी मारली. म्हणजे मी सुटलो! मारिनाल्वाने बशी उजेडात धरली.

"कधीची?"

"बारा दिवसांची, म्हणाला."

"माझ्या बशा सातव्या दिवशी हिरव्या होतात, सेऊ ओतासिलिओ. ही बारा दिवसांनी पांढरीच आहे. जगलीये, पण बी धरत नाही. एखादा किडा मारेल, पण त्याच्यावर पूड धरणार नाही, मग पुढच्याला लागायचं कुठून? आणि ही बशीतली गोष्ट, थोड्या औषधातली. टाकीत पुऱ्या मापाचं असतं, तासन् तास."

मॅनेजरने बशी खाली ठेवली.

"टाकीत दोन्ही एकत्र घालायला कोणी सांगितलं?"

मारिनाल्वा तिच्या बशा गोळा करायला लागली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मी कदाचित रागावलो असतो आणि गप्प बसलो असतो. ती एकेक बशी फडक्याने पुसत होती, बाहेर दाराशी त्या चौघी उभ्या होत्या, आणि मला अंगणातलं माझं वाक्य ऐकू यायला लागलं.

"कोणी सांगितलं नाही," मी उभा राहिलो. "मी घातलं. कोणाला न विचारता, रोज. भात बिघडलेला नव्हता."

मुकादमकी त्याच दिवशी गेली. घरही जाणार होतं. तेवढ्यात मारिनाल्वा दारातून वळून म्हणाली, "मला तांदूळ धुवायला माणूस पाहिजे. पोती उचलणारा. आम्हा बायांच्या पाठी गेल्यात."

"हा?" सेऊ ओतासिलिओ.

"हाच. औषधाचा हात बुरशीला लागू द्यायचा नसतो, हे आता याच्याइतकं कोणाला माहीत आहे?"

पुढची अकरा वर्षं मी तिच्या हाताखाली तांदूळ धुतला. पहिल्याच दिवशी तिने मला पातेलंभर शिजवायला लावला. झाला लगदा. तिने चमचा उभा करून दाखवला, तो तसाच उभा राहिला, आणि चौघी पोट धरून हसल्या. "हा बुरशीला नाही घालायचा," ती म्हणाली, "हा तू खा." मी खाल्ला. हळूहळू मला मोकळा यायला लागला. शेतावर तिने नियम केला की बुरशी आणि औषध यांच्यात तीन आठवड्यांचं अंतर, टाक्या वेगळ्या, धुण्याची वही वेगळी. पुढच्या पावसाळ्यात त्याच शिवारात मेलेले तुडतुडे पानापानावर सापडले, हिरव्या पिठात घोळल्यासारखे. तिने त्यातला एक माझ्या तळहातावर ठेवला होता. मी मोठा माणूस, पण डोळे भरून आले, लपवलं नाही.

आजूबाजूच्या कारखान्यांतून डॉक्टर लोक तिच्याकडे शिकायला यायचे. ती त्यांना आधी भात शिजवायला लावायची. कोणाकोणाला राग यायचा. ज्यांना आला नाही ते शिकून गेले.

ती निवृत्त झाली त्या दिवशी मक्याचा केक होता, भाषण होतं. भाषणात ती पाच वाक्यं बोलली, त्यातलं एक वाफेच्या टाकीची चकती बदलून घ्या असं होतं. मग मला फ्रिजची किल्ली दिली. मूळ बियाण्याच्या नळ्या त्यात असायच्या, त्याला तिच्याशिवाय कोणी हात लावत नसे. "दर सहा महिन्यांनी नव्या भातावर घ्यायच्या. एकही सोडायची नाही," एवढं सांगून ती बस चुकेल अशा घाईने निघाली.

मी फ्रिज उघडला. नळ्या ओळीने, प्रत्येकीवर त्या सुंदर अक्षरात गाव आणि वर्ष, जिथल्या मेलेल्या किड्यावरून ते बी घेतलं होतं तिथलं. शेवटच्या ओळीत एका नळीवर गाव नव्हतं, माझं नाव होतं. "अदेल्मो. टाकी, जेवणानंतर." आणि त्या ओल्या वर्षाच्या जूनमधली तारीख.

मी धावत फाटकापर्यंत गेलो. ती बसची वाट बघत होती.

"दोना, ही काय?"

तिने नळीकडे पाहिलं. "त्या दिवशी तीन उठले होते ना. त्यातला एक घेतला मी वेगळा करून."

"औषध सोसणारी जात निघाली का?"

"छे. तपासली बऱ्याचदा. औषध तिलाही इतरांसारखंच लागतं. काही विशेष नाही तिच्यात."

"मग अकरा वर्षं कशाला सांभाळलीत? दर सहा महिन्यांनी?"

बस आली. ती गुडघ्यावर हात टेकून पायरी चढली, वर गेली, आणि तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"उठली होती रे ती," ती म्हणाली. "टाकवेना."

आता माझंही वय झालंय, गुडघे बोलतात. पण दर सहा महिन्यांनी मी तांदूळ धुतो, अर्धाकच्चा काढतो, पसरून गार करतो, दाणा दाण्याला चिकटलेला नाही ना ते बोटांनी पाहतो. आणि त्या नळीतलं बी सगळ्यात आधी त्यात घालतो.